कृषी दूरचित्रवाणी कार्यक्रम निर्मितीचे प्रशिक्षण (मराठवाडा)

शेतकऱ्यांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारे निर्माते, छायाचित्रकार, निवेदक आणि त्यांच्यासोबत बसणारे कृषितज्ज्ञ यांचे प्रशिक्षण.

उगम. याबाबत एकमत नाही. काही अभ्यासक तो पुणे आकाशवाणीने १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने चालवलेल्या ग्रामीण श्रोता मंडळांपर्यंत नेतात. कार्यक्रम ऐकायचा, गटाने चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे परत पाठवायचे, ही पद्धत तिथली. मात्र त्या प्रयोगाच्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी आला. दुसरे मत दिल्लीच्या ‘कृषी दर्शन’ या शेतकऱ्यांसाठीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमापासून (२६ जानेवारी १९६७) आणि उपग्रहाद्वारे खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवणाऱ्या १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगापासून सुरुवात धरते. ‘साइट’च्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यात दूरचित्रवाणी संच होते, पण कार्यक्रम कानडीत. मराठीपुरते पाहता मुंबई दूरदर्शन (२ ऑक्टोबर १९७२) आणि पुण्याच्या फिल्म संस्थेत १९७४ मध्ये आलेला दूरचित्रवाणी विभाग हा धागा अधिक सबळ वाटतो. शेतीविषयक मजकुराचा आधार म्हणजे परभणीचे कृषी विद्यापीठ (१८ मे १९७२).

हंगाम आणि चित्रीकरण. शिकायला सर्वांत अवघड असते ते पिकाचे वेळापत्रक. कॅमेरा त्यामानाने लवकर हाती येतो. ५ टक्के निंबोळी अर्काचेच पाहा. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्याने गाळायचा, १ लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळायचा, एकूण द्रावण १०० लिटर करायचे आणि त्याच दिवशी फवारायचे. कापसावर फवारणी ऑगस्ट-सप्टेंबरात असते, निंबोळ्या मात्र पावसाळ्याच्या तोंडावर गळतात. सगळा कार्यक्रम ऑगस्टात दाखवला तर बघणाऱ्याच्या घरात निंबोळ्याच नसतात. म्हणून वेचणी-वाळवणीचा भाग जूनमध्ये आणि अर्काचा भाग फवारणीआधी, असे दोन भाग करावे लागतात. जूनचे चित्रीकरण आदल्या वर्षीच करून ठेवावे लागते. गुलाबी बोंडअळीच्या डोमकळीचेही (अळी आत असल्याने न उमललेल्या फुलाचेही) तसेच: यंदा चित्रित करून संकलन होईपर्यंत अळी बोंडात शिरलेली असते.

प्रत्येक कृतीची तीन दृश्ये घेतात: सबंध वावर, माणूस व अवजार, आणि बोटे. तिसरे बहुधा राहून जाते, आणि शेतकऱ्याला हवे असते नेमके तेच. जवळून घेतलेली अळी पडद्यावर हातभर दिसते आणि ‘आमच्याकडे असली अळी नाही’ असे उत्तर येते; शेजारी बोट किंवा नाणे ठेवले की तिचा खरा आकार कळतो. दुपारच्या उन्हात काळ्या रानावर कॅमेरा स्वयंचलित ठेवला तर फुटलेला कापूस पांढराफटक होतो, म्हणून प्रकाश कापसावर जुळवून सकाळी काम उरकतात. छातीचा माइक उपरण्याला घासतो. वाऱ्यासाठी त्यावर फोमची टोपी लागते. चालू पंपाशेजारी मुलाखत घेऊ नये.

मात्रा व भाषा. शिफारस बहुधा १० लिटर पाण्याला असते, पाठीवरचा पंप मात्र १५-१६ लिटरचा. निवेदकाने पंपाचा हिशोब करून सांगावा: १० लिटरला २० मिली म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. सोयाबीनचे बियाणे हेक्टरी ६५ किलो न म्हणता एकरी २६ किलो म्हणावे. आकडा बोलताना पडद्यावरही ठेवावा आणि दोनदा उच्चारावा. ‘आर्थिक नुकसान पातळी’ (किडीचे ज्या प्रमाणाला फवारणी करावी ते प्रमाण) म्हटल्याने काही कळत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी ‘कामगंध सापळ्यात रोज ८ पतंग, सलग तीन रात्री’ म्हटले की फवारणीची वेळ कळते.

चाचणी. प्रसारणापूर्वी कच्चे संकलन गावात आठ-दहा जणांना दाखवतात आणि त्यातली कृती त्यांच्याकडून करून घेतात. नुसते ‘समजले का’ विचारल्यास सगळे होच म्हणतात. खुरपणी, वेचणी आणि निंबोळ्या गोळा करणे ही कामे बहुतांशी बायकांची. चाचणीला त्या हव्यात, आणि ती सांजच्या स्वयंपाकाच्या वेळी ठेवली तर त्या येऊ शकत नाहीत.