डुकाटी घेतलीत? आधी एवढं वाचून ठेवा

हे माहितीपत्रक आमच्या गॅरेजमध्ये ८०३ सीसीची एअर-कूल्ड डुकाटी घेऊन येणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे स्क्रॅम्बलर आणि मॉन्स्टर ७९५, ७९६, ७९७. नावं वेगळी असली तरी इंजिनाचं घराणं एकच. नवी घेतली असेल किंवा सेकंडहँड, दोघांनाही हे लागू. पानिगाले किंवा मल्टीस्ट्राडा असेल तर काउंटरवर विचारा, त्यांचं गणित निराळं आहे.

पहिल्या काही महिन्यांत मालकांचे जे फोन येतात ते बहुतेक आवाजाचे, गरमीचे आणि झटक्यांचे. आमचा अनुभव मात्र असा, की ही गाडी ज्या गोष्टीवरून आरडाओरडा करते त्यात सहसा काही नसतं. मोठं बिल ज्यामुळे येतं, ती वस्तू शेवटपर्यंत चकार शब्द काढत नाही. म्हणून आधी निर्धास्त करतो, मग थोडं घाबरवतो.

गाडीचा स्वभाव आहे, बिघाड नाही

या इंजिनाचे दोन सिलिंडर एकमेकांशी ९० अंशांत आहेत. पुढचा जवळजवळ आडवा, मागचा जवळजवळ उभा. दोन्ही सिलिंडर समान अंतरानं पेटत नाहीत: एकदा क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) २७० अंश फिरल्यावर, मग ४५० अंश फिरल्यावर. तुम्ही ज्या आवाजावर भाळून गाडी घेतली तो इथून येतो, आणि कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये ती जे झटके देते तेही इथूनच येतात. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएमच्या खाली तिला ओढायला लावू नका. एक गिअर खाली घ्या, क्लच हलका धरा. स्प्लेंडरची सवय असेल तर हे जड जातं, पण महिन्याभरात हात बसतो.

मागचा सिलिंडर तुमच्या मांड्यांच्या मध्ये आहे आणि त्याला वारा कमी मिळतो. एप्रिल-मे महिन्यात सिग्नलला पाय भाजल्यासारखे वाटणारच. त्यावर औषध नाही. लांब सिग्नल असेल तर इंजिन बंद करा आणि जीन्स जाड घाला. आडव्या पुढच्या सिलिंडरला वारा भरपूर, पण चिखलही सगळा त्याच्याच वाट्याला. फिन्समध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या गारव्यासाठीच्या पात्यांमध्ये, वाळलेली माती बसली की तोही तापायला लागतो, तेवढी धुवत जा.

थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही ही तक्रारही रोजची. चाक फिरत असताना, थांबायच्या क्षणभर आधी न्यूट्रल टाका. उभ्या गाडीत पायानं झगडत बसू नका.

१०९८ किंवा पहिली मॉन्स्टर ११०० अशी ड्राय क्लचची (ऑइलमध्ये न बुडलेल्या क्लचची) जुनी गाडी मित्राकडे असेल तर क्लच दाबल्यावर डबा खडखडल्यासारखा आवाज ऐकला असेल. ते लोक त्या आवाजाचे पैसे देतात. तुमच्या गाडीला वेट, म्हणजे ऑइलमध्ये बुडलेला क्लच आहे, तुमच्याकडे तसा आवाज आला तर मात्र गाडी घेऊन या.

डेस्मो सर्व्हिसचे पैसे कशाचे?

हा प्रश्न बिल हातात पडल्यावर येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो.

साध्या इंजिनात कॅम (दांड्यावरचा फिरता उंचवटा) व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडप, उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. १९५० च्या दशकात रेसच्या इंजिनांची दुखरी जागा ही स्प्रिंगच होती. आरपीएम चढलं की ती मागे पडायची, व्हॉल्व्ह वेळेवर बसायचा नाही, कधी स्प्रिंगच तुटायची. फाबिओ तालिओनी १९५४ मध्ये बोलोन्याला डुकाटीत इंजिनिअर म्हणून आले आणि त्यांनी व्हॉल्व्ह बंद करायलाही कॅम आणि रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचवणारा छोटा दांडा) लावला. यालाच डेस्मो म्हणतात. १९५६ मध्ये स्वीडनमधल्या हेडेमोराला त्यांची १२५ सीसीची डेस्मो पहिल्याच शर्यतीत जिंकली. कल्पना एकट्या तालिओनींची नाही, मर्सिडीजच्या रेसकारमध्ये ती आधी आलेली होती. पण मर्सिडीजनं ती सोडून दिली आणि डुकाटीनं १९६८ पासून ती रस्त्यावरच्या गाड्यांत आणली.

याचा तुमच्या बिलाशी संबंध असा: इतर गाड्यांत एका व्हॉल्व्हला एक गॅप तपासायचा असतो, इथे दोन. एक उघडणाऱ्या रॉकरचा, एक बंद करणाऱ्याचा. चार व्हॉल्व्ह, आठ गॅप. बंद करणाऱ्या बाजूचा गॅप वाढला की व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही, सकाळी सुरू होताना कुरकुर होते, आयडल डळमळतं. हे गॅप स्क्रू फिरवून जुळत नाहीत, शिम, म्हणजे नेमक्या जाडीचा धातूचा छोटा तुकडा, बदलावी लागते. नेमक्या मापाची शिम हाताशी नसेल तर जाड शिम घेऊन काचेवर पॉलिश पेपर पसरायचा, शिम त्यावर बोटानं घासायची, पुसायची, मायक्रोमीटरला लावायची, पुन्हा घासायची. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी हे चालू राहतं. जरा जास्त घासली गेली की ती टाकून दुसरी घ्यायची. पैसे या वेळेचे आहेत, ऑइलचे नाहीत.

दर १२,००० किलोमीटरला ही तपासणी असते. तपासून आठही गॅप मापात निघाले तर शिमचे पैसे लागत नाहीत, तपासणीचे लागतात. "काहीच बदललं नाही मग पैसे कसले?" असं विचारणाऱ्यांना आम्ही मापांचा कागद हातात देतो.

जाता जाता: मल्टीस्ट्राडा व्ही४ आणि आता नव्या ८९० सीसीच्या व्ही२ मध्ये डुकाटीनं स्वतःच डेस्मो सोडून स्प्रिंग घेतली आहे. जुने शौकीन नाराज आहेत. आमच्या मते निर्णय शहाणपणाचा आहे, पण तुमचं इंजिन त्यामुळे जास्तच जपण्यासारखं झालं.

न बोलता खर्च काढणाऱ्या गोष्टी

टायमिंग बेल्ट. कॅम फिरवणारे दोन रबरी पट्टे, प्रत्येक सिलिंडरला एक. २४,००० किलोमीटर किंवा ५ वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदलायचे. आपल्याकडे घोळ "जे आधी होईल" इथेच होतो. गाडी रविवारीच निघते, सहा वर्षांत नऊ हजार किलोमीटर होतात आणि मालकाला वाटतं की अजून खूप वेळ आहे. रबर मात्र उभ्या गाडीतही म्हातारं होतं. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, पिस्टन त्यावर आदळतो, आणि मग बोलणं हजारांत राहत नाही. आधी खडखड नाही, दिवा नाही, काही नाही. सेकंडहँड घेताना "बेल्ट कधी बदलले?" याचं उत्तर पावतीसकट मिळालं नाही, तर बदलायचेच आहेत असं समजून भाव करा.

नवा पट्टा बसवल्यावर तो किती ताणायचा हे आम्ही कानानं नव्हे, पण आवाजानंच ठरवतो. तंबोऱ्याची तार छेडावी तसा पट्टा बोटानं छेडायचा आणि माइकवर त्याची फ्रिक्वेन्सी मोजायची. बघायचं असेल तर त्या वेळी थांबा, आम्हाला दाखवायला आवडतं.

बॅटरी. दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर ट्रिकल चार्जर (बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा) लावा. कमजोर बॅटरीवर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिन अर्ध्यावर अडखळून उलटा झटका देतं आणि तो स्टार्टरच्या वन-वे क्लचवर बसतो. तो बदलायला डावं कव्हर आणि फ्लायव्हील काढावं लागतं. चार्जर त्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

ऑइल. लेव्हल बघायची काच इंजिनाच्या उजव्या बाजूला आहे आणि साइडस्टँडवर गाडी डावीकडे कलते. ऑइल डावीकडे जातं, काच रिकामी दिसते, आणि भला माणूस अर्धा लिटर ओततो. जादा ऑइल ब्रीदरमधून (इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअरबॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात जातं. इंजिन गरम करा, बंद करून थोडा वेळ थांबा, दुसऱ्या कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा, मग काचेत बघा.

टाकी. स्क्रॅम्बलर आणि ७९७ ची टाकी लोखंडी पत्र्याची आहे. ७९६ ची प्लॅस्टिकची आहे, आणि इथेनॉलमुळे प्लॅस्टिकच्या टाक्या फुगण्याच्या तक्रारी जगभर झाल्या आहेत. आता आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. टाकीचे बोल्ट जागेवर बसेनासे झाले किंवा हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला घासू लागलं तर आम्हाला दाखवा. पत्र्याच्या टाकीवाल्यांनीही महिनोन्‌महिने जुनं पेट्रोल ठेवू नये. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आतून गंज धरतो.

चेनबद्दल एकच: सैल चेनपेक्षा जास्त ताणलेली चेन वाईट. तुम्ही बसलात की ती आणखी ताणली जाते आणि भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. तारेचा ब्रश लावू नका, आतल्या रिंगा फाटतात.

गाडी आणताना

डेस्मो सर्व्हिसला गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. गॅप थंड इंजिनावरच मोजतात. सकाळी दहाला तापलेली गाडी आणलीत तर दुपारपर्यंत आम्ही तिच्याकडे बघत बसणार. जुन्या सर्व्हिसचे कागद असतील तेवढे आणा, दोन्ही किल्ल्या आणा. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते आम्ही विचारून बदलतो. कोकणात वरचेवर जाणाऱ्यांनी खाऱ्या हवेचं सांगून ठेवावं, म्हणजे इलेक्ट्रिकचे कनेक्टर उघडून बघता येतात.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा नेहमीच भरलेला असतो, तेव्हा गणपती बसायच्या आधीच तारीख घ्या. पूजेचा हार हेडलाइटला खुशाल घाला. मागच्या सिलिंडरवर पडलेली झेंडूची फुलं मात्र इंजिन सुरू करण्यापूर्वी वेचून काढा, जळून फिन्सना चिकटली की खरवडायला आमच्या पोराला तासभर लागतो.