८१ कोटींना धान्य म्हणजे ८१ कोटी गरीब नव्हेत

इंदूरच्या मराठी घरांत कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, धान्याचा विषय निघाला की 'देशात ऐंशी कोटी गरीब आहेत हे सरकारच कबूल करते' असे हमखास ऐकू येते. हा समज चुकीचा आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ साली ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ व शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत धान्याचा हक्क दिला आणि हे प्रमाण २०११च्या जनगणनेला लावले की सुमारे ८१ कोटी हा आकडा येतो. म्हणजे ही गरिबांची मोजणी नसून कायद्याची व्याप्ती आहे, आणि ती ऐसपैस ठेवली हे माझ्या मते योग्यच झाले. याउलट, गरिबी मोजण्याची पद्धत सुचवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ मध्ये दारिद्र्यरेषेखाली सुमारे २७ कोटी लोक होते. माणशी पाच किलो धान्याची पात्रता पर्ची, म्हणजे हे धान्य मिळण्याची चिठ्ठी, कोणाला द्यायची हे राज्य सरकार ठरवते. मात्र मर्यादा जुन्याच जनगणनेवर अडकल्याने गरजू असूनही अनेकांची नावे यादीबाहेर राहतात.