कुठली पवनी? पेंचची की वैनगंगेची?

मागच्या हिवाळ्यात माझा मामेभाऊ पुण्याहून सहकुटुंब नागपूरला आला. त्याला वैनगंगेचे घाट दाखवायचे होते. मी आदल्या दिवशीच तिकडे गेलो होतो, म्हणून फोनवर एवढंच सांगितलं, "सकाळी गाडी काढ आणि पवनीला ये." साडेनऊला त्याचा फोन आला, "दादा, पोचलो. पण इथं नदी कुठं आहे?" मागून ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते. तो मनसर ओलांडून जबलपूर हायवेवरच्या पवनीत उभा होता आणि मी वैजेश्वर घाटाच्या पायरीवर. आमच्यामध्ये शंभराहून जास्त किलोमीटरचा रस्ता होता.

चूक माझीच. आपल्याकडे पवन्या दोन आहेत, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

पहिली पवनी रामटेक तालुक्यातली, देवलापारच्या अलीकडची. हे हायवेवरचं गाव. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटकडे जाणारे लोक इथून वळतात. पेंचमध्ये सफारी करायची असेल तर हीच पवनी.

दुसरी भंडारा जिल्ह्यातली, वैनगंगेच्या काठची. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत इकडे यायचं. वाटेत भिवापूरची मिरची जरूर घ्यावी. गावाला एका अंगाने नदी आणि बाकी बाजूंनी जुना तट नि खंदक. जवाहर गेटमधून आत शिरलं की जाणवतं, हे नुसतं तालुक्याचं ठिकाण नाही. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने इथं उत्खनन केलं, तेव्हा जगन्नाथ टेकडीवर मौर्य-शुंग काळातला स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्यावर मुचलिंद नाग कोरलेला आहे, बुद्धावर फणा धरणारा. दीक्षाभूमीला येणाऱ्यांपैकी कितीजणांना हे कुणी सांगितलं असेल? विदर्भाच्या अष्टविनायकांतला पंचानन गणपतीही इथलाच, आणि देवळं इतकी की जुनी माणसं पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. पूर्वी इथले कोष्टी विणकर तलम सुताची रेशीमकाठी वस्त्रं विणत आणि त्यासाठी या पेठेचं नाव होतं.

गोंधळ इथंच संपत नाही. २०१२ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जाहीर झालं. त्यातली पवनी ही वैनगंगेचीच. पण या अभयारण्यातल्या 'जय' वाघाच्या बातम्या देशभर गेल्या, २०१६ मध्ये तो दिसेनासा झाल्यावर तर आणखीच, आणि पवनी म्हणजे जंगल असं समीकरण बसलं. आता नागपुरात कुणालाही "पवनीला चाललो" म्हणा, पहिला प्रश्न येतो, "वाघ दिसतो का?" दोन्ही पवन्यांना वाघ चिकटलाय. घाटांची आठवण कुणालाच होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सफारीचा पाहुणा आणि गावाचा पाहुणा यांत मोठा फरक आहे. जिप्सीत बसलेला माणूस गेटवर पैसे भरतो, रिसॉर्टवर जेवतो नि परत जातो. गावात उतरलेला माणूस पायी फिरतो, चहा पितो, पुजाऱ्याशी बोलतो, दुकानात थांबतो. वैनगंगेच्या पवनीत तर एकाच माणसाला दोन्ही जमतं. सकाळची सफारी संपते नि दुपारची सुरू होते, त्या मधल्या वेळात सफारीचा पाहुणा खोलीत झोपून असतो. तेवढ्यात जगन्नाथ टेकडी आणि गणपती आरामात होतात. घाटांसाठी मात्र मुक्काम करावा, कारण ऊन उतरल्यावर, बाया दिवे सोडायला येतात तेव्हा ते बघण्यासारखे असतात.

त्यासाठी आधी नाव नीट लिहायला हवं. माहितीपत्रक असो, हॉटेलातला फलक असो की व्हॉट्सॲपवरचा निरोप, नुसतं 'पवनी' लिहू नका. 'पवनी (वैनगंगा), मार्गे उमरेड-भिवापूर' एवढं लिहा. पेंचच्या पाहुण्याला 'पवनी (पेंच), मार्गे मनसर' असं कळवा.

मामेभाऊ त्या दिवशी सिल्लारीलाच गेला. दुसऱ्या दिवशी मात्र मी त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलो आणि उमरेड रोड धरायला लावला.