शिक्षकाच्या शब्दांचं वजन फक्त ७ टक्के?

‘शिकवताना शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के, ३८ टक्के आवाजाचा, ५५ टक्के हावभावांचा’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे.

आकडे हवेतले नाहीत, म्हणून ते खरे वाटणं साहजिक आहे. १९६७ मधल्या दोन छोट्या प्रयोगांतून ते आले. त्यांत वर्ग नव्हता, धडा नव्हता. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली आणि विचारलं: बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल आपुलकी वाटते की नावड? म्हणजे प्रश्न भावना ओळखण्याचा होता, विषय समजण्याचा नव्हताच.

पडताळून पाहायचं तर अपूर्णांकांच्या बेरजेचा धडा आवाज बंद करून पाहा. मग तोच नुसता लिहिलेला वाचा. छेद समान का करायचे, हे कशातून कळलं?

सूर महत्त्वाचा आहेच. कपाळाला आठ्या घालून दिलेली ‘शाब्बास’ मुलाला खरी वाटत नाही. पण या आकड्यांमुळे शब्द निवडण्याचे कष्ट कमी लेखले जातात, याची मला काळजी वाटते. ‘चुकलं’ आणि ‘तिसऱ्या पायरीपर्यंत बरोबर आहे, पुढे हातचा राहिला’ ही वाक्यं एकाच प्रेमळ सुरात म्हणून पाहा. वहीत नेमकं कुठे पाहायचं, हे मुलाला दुसऱ्यातूनच कळतं.