सिमँटिक ज्ञानतंत्रज्ञान : व्यवसायातील माहितीचा अतिरेक

व्यवसायात रोज साचणारी बिले, पत्रे, मोबाइलवरचे संदेश आणि भाव यांतला अर्थ व परस्परसंबंध संगणकाला वापरता येतील अशा रीतीने नोंदवणाऱ्या पद्धतींना सिमँटिक ज्ञानतंत्रज्ञान म्हणतात. माहिती जितकी वाढते तितकी लक्षाची टंचाई होते, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. या तंत्रज्ञानात माहिती काढून न टाकता ती एकमेकींशी जोडली जाते.

खान्देशातील केळीच्या व्यापारात याची गरज चटकन ध्यानात येते. रावेर, यावल पट्ट्यात जून-जुलैच्या लागवडीला मृगबाग म्हणतात, पावसाळा सरताना केलेल्या लागवडीला कांदेबाग आणि आधीच्या झाडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकाला पिलबाग. नुसती अक्षरे जुळवणारा शोध कांदेबागेचा भाव खुशाल कांद्याच्या नोंदींत दाखवतो. एकाच वाणाला कुणी ग्रँड नैन लिहितो, कुणी जी-९. शेतकरी ज्याला हरण्या रोग म्हणतो, तो रोपवाटिकेच्या कागदावर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) असतो. त्यामुळे एका बागेची माहिती चार ठिकाणी असते आणि चारही ठिकाणी ती अनोळखी राहते. नंदुरबारच्या मिरची बाजारातही ओल्या आणि पथारीवर वाळवलेल्या मालाचे भाव एकत्र केले, तर निघणारी सरासरी कुणाच्याच कामाची नसते.

यावरचे मूळ साधन म्हणजे त्रिक, म्हणजे तीन भागांचे छोटे विधान : ‘ही बाग – लागवड – कांदेबाग’, ‘कांदेबाग – पीक – केळी’. अशी त्रिके जोडत गेली की ज्ञानालेख, म्हणजे जोडलेल्या नोंदींचे जाळे तयार होते, आणि ही बाग केळीची आहे हे कुणी वेगळे न लिहिताही यंत्राला कळते. त्रिकांची मांडणी ठरवणारे आरडीएफ हे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये स्वीकारले. संकल्पनांचे नियम लिहिणारी ओडब्ल्यूएल २००४ मध्ये, तर प्रश्न विचारण्याची स्पार्कल ही भाषा २००८ मध्ये आली. गूगलने २०१२ मध्ये आपल्या शोधामागे ज्ञानालेख आणल्यावर ही कल्पना सर्वांपर्यंत पोचली.

छोट्या पेढीसाठी मात्र २००९ चे एसकेओएस हे मानक सर्वांत मोलाचे आहे. त्यात एका संकल्पनेला दर भाषेत एक मुख्य नाव आणि हवी तितकी पर्यायी नावे देता येतात. अहिराणीला ‘एएचआर’ हा स्वतंत्र भाषासंकेत असल्याने बोलीतले शब्दही मानाने नोंदवता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अ‍ॅग्रोवॉक हा बहुभाषिक शेतीशब्दसंग्रह याच पद्धतीने मांडलेला आहे आणि त्याच्याशी स्थानिक यादी जोडता येते.

खरे कष्ट शब्द ठरवण्यात आहेत. ते काम संगणक कंपनीवर सोपवणे चुकीचे. मुनीम, कापणी करणारी टोळी आणि बागाईतदार यांना शेजारी बसवूनच यादी करावी लागते. मजकुरातून त्रिके काढण्यासाठी आता भाषा-प्रारूपे (लँग्वेज मॉडेल) वापरली जातात, पण एक चुकीचा दुवा पुढच्या प्रत्येक उत्तरात शिरतो. म्हणून नवा दुवा कायम करण्यापूर्वी तो जाणकाराने तपासण्याची सोय यंत्रणेत असावी लागते.