खानदेशातील कुशल आरोग्य कर्मचाऱ्यांची टंचाई

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, विशेषतः सातपुड्यातील अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांत, प्रशिक्षित डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ यांची गरजेच्या मानाने असलेली उणीव. अनेक विकसनशील देशांत आढळणारा हा प्रश्न येथे सपाटी आणि डोंगर यांच्या तफावतीतून ठळकपणे दिसतो.

‘कुशल’ कोणास म्हणावे, याविषयी मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या अहवालात दर हजार लोकसंख्येमागे डॉक्टर, परिचारिका व प्रसाविका मिळून २.२८ हा किमान उंबरठा धरला. त्याखालील ५७ देशांत तीव्र टंचाई असल्याचे नोंदविले; भारत त्यांत होता. हा आकडा मुख्यतः एका हिशेबावर उभा होता : सुमारे ८० टक्के बाळंतपणे कुशल हातांनी व्हायची तर किती मनुष्यबळ लागेल? सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी, कुपोषित बालकांचे उपचार, सर्पदंश यांचा त्यात विचार नव्हता. २०१६ मध्ये शाश्वत विकास उद्दिष्टांच्या अनुषंगाने उंबरठा ४.४५ वर नेण्यात आला.

त्याआधी २००४ मध्ये संघटनेने प्रसाविका व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांसह केलेल्या निवेदनात पारंपरिक सुईणीला, ती प्रशिक्षित असली तरी, कुशल कर्मचाऱ्यांतून वगळले. भारतात साधारणतः सत्तरच्या दशकापासून सुईणींना शासकीय प्रशिक्षण दिले जात होते; या व्याख्येने त्या गणतीबाहेर राहिल्या. २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात नेमलेल्या आशाताईही गणतीत येत नाहीत. आयुर्वेद पदवीधरांचे स्थान याहून वादग्रस्त आहे. काही अभ्यासक बीएएमएस डॉक्टरांना धरून प्रमाण काढतात, काही वगळून. त्यानुसार टंचाईचे आकारमान बरेच बदलते. सातपुड्यापुरता पहिला हिशेब अधिक ग्राह्य वाटतो, कारण आदिवासी भागांसाठीच्या नवसंजीवनी योजनेच्या भरारी (फिरत्या) पथकांतून पाड्यावर जाणारे मानसेवी (मानधनावरील) वैद्यकीय अधिकारी बहुतांशी बीएएमएसच असतात. मात्र या गणतीने भूलतज्ज्ञाची जागा भरून निघत नाही. तो नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ हजर असूनही सिझर होत नाही आणि अडलेली बाई नंदुरबार किंवा धुळ्याला पाठवावी लागते. तिच्यासाठी हा प्रवास जिवावरचा ठरू शकतो.

आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र आणि २०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. सपाटीवर हेच आकडे ५,००० व ३०,००० आहेत. सवलत लोकसंख्येत दिली आहे, अंतरात नाही. भिल्ल व पावरा वस्ती एका गावाच्या नावाखाली अनेक पाड्यांत विखुरलेली असते आणि एका आरोग्य सेविकेला ते सर्व पायी गाठावे लागतात. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणतात. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे मणिबेली, चिमलखेडी अशा नर्मदाकाठच्या गावांची वाट पाण्याची झाली. तेथे तरंगता दवाखाना व बोट रुग्णवाहिका यांचा आधार घ्यावा लागला.

धुळ्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऐंशीच्या दशकाअखेरीचे. जळगावचे २०१८ मध्ये, तर नंदुरबारचे २०२० मध्ये सुरू झाले. नंदुरबार हा जिल्हाच १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला असल्याने त्यापूर्वीची आकडेवारी स्वतंत्रपणे वाचणे कठीण जाते. महाविद्यालये निघाल्याने टंचाई आपोआप हटेल, असा एक मतप्रवाह आहे. बंधपत्रित (शिक्षणानंतर ठरावीक काळ शासकीय सेवा करण्यास बांधलेल्या) डॉक्टरांचा अनुभव त्यास फारसा दुजोरा देत नाही : बंधपत्राचा काळ संपला की ते पदव्युत्तर शिक्षणासाठी किंवा शहरातील व्यवसायासाठी निघून जातात. राहायला बरे घर, मुलांची शाळा आणि सोबत दुसरा डॉक्टर या तिन्हींचा अभाव यामागे आहे.

भाषेचा मुद्दा तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. मैदानी भागातून आलेल्या परिचारिकेला अहिराणी येते, पावरी किंवा भिली येतेच असे नाही. दुखणे नेमके कुठे, कधीपासून, हे तिला पाड्यातलीच आशाताई समजावून सांगते. जळगाव जिल्ह्यातील यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांच्या सातपुडा पायथ्याशी तडवी व पावरा वस्तीतही असाच प्रश्न आहे. त्यावरील लेखन नंदुरबारच्या मानाने त्रोटक आहे.