छतावर सोलर आहे, मग करंट गेल्यावर घरात अंधार का?

बेळगाव जिल्ह्यात खानापूर-निपाणीकडे अजून ऐकू येतं: "सोलर बसवला की हेस्कॉमचा (इथल्या वीज कंपनीचा) करंट गेला काय, राहिला काय, आपल्याला फरक नाही." चूक. नेट मीटरवाला (घेतलेली आणि लाईनला परत दिलेली वीज मोजणारा मीटर असलेला) साधा ऑन-ग्रिड, म्हणजे लाईनला जोडलेला बिनबॅटरीचा सोलर, भर दुपारच्या उन्हातसुद्धा, करंट गेला की बंद पडतो.

तो बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) लाईनच्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या तालावर चालतो. लाईन मेली की दोनेक सेकंदांत त्यानं स्वतःला तोडून घ्यायचं असतं. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी तारांत जाईल, आणि पावसात खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल. शिवाय ढग आला की पॅनेलची वीज घटते. ती एकटी फ्रिज किंवा मोटर सांभाळू शकत नाही.

"पण आमच्याकडे इन्व्हर्टर-बॅटरी आहे की!" असेल, ती सोलरला आपोआप जोडली जात नाही. बिलात बचत आणि करंट गेल्यावरही वीज, दोन्ही हवं तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाईन, पॅनेल आणि बॅटरी तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी घ्यावी लागते. पॅनेल तेच चालतात. केंद्र सरकारच्या छतावरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (३ किलोवॅटला ७८,००० रुपये) बॅटरीसाठी नाही, हे विक्रेता बहुधा शेवटी सांगतो.

माझ्या मते बिल कमी करायचं असेल तर ऑन-ग्रिड पुरे. दिवे-पंख्यांना जुनी इन्व्हर्टर-बॅटरी राहू द्या. बोअरची मोटर मात्र बॅटरीवर चालवायचा हट्ट नको: सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते.